वाघनखाचा पत्ता: पार्ले, मढ, बोरिवली

"तिच्या हातात देऊ नको गो, वाघ रागावतलो."

मी सहा वर्षांची होते. पार्ल्याच्या घरी कुणाचं तरी बारसं होतं, आणि चांदीच्या टोपणात बसवलेलं आमच्या घराण्याचं वाघनख मी ताटातून उचलायला गेले होते. काकू हे रागाने बोलली नव्हती. चुलीवरचं भांडं गरम आहे, हात लावू नको, असं सांगतात ना, तसं बोलली. मी हात मागे घेतला. त्यानंतर चाळीस वर्षं तो मागेच राहिला.

माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका जन्मापासून जोडलेली आहेत, अगदी टोकापर्यंत. घरातली गोष्ट अशी की बाई गरोदर असली की ओटी भरताना वाघनख तिच्या पदराला बांधायचं, आणि पुढे बारशाला बाळाच्या गळ्यात. माझ्या वेळी आईच्या पदराला ते बांधलं गेलं नाही. तेव्हा ते देवगडला होतं, काकूच्या आजारी मुलाच्या, म्हणजे माझ्या चुलत दादाच्या, गळ्यात. आईने दोनदा पत्र टाकलं, पण नख काही वेळेत पोचलं नाही. म्हणून माझी बोटं सुटली नाहीत. आमच्याकडे ही गोष्ट कुणी फार सांगत नसे, पण सगळ्यांना पाठ होती. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणाले होते. बाबा घाबरले. मोठी झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मीच नको म्हटलं. या हाताने मी भाकरी थापते, आणि हा ब्लॉगही याच हाताने टाइप करते.

एरवी मी इथे लांबच्या प्रवासांबद्दल लिहिते. या वेळचा प्रवास दोन दिवसांचा आणि आपल्याच उपनगरांतला आहे. पण मी इतकी हादरून कुठूनच परत आलेली नाही.

निमित्त माझ्या धाकट्या भावाच्या फोनचं. मिलिंदला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. त्याच्या बायकोला, स्नेहलला, आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्या काकूनेच काढलं, तेही ऐंशीच्या घरात असताना आणि डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. बारसं पुढच्या रविवारी.

"ताई, वाघनखाची कडी तुटली," मिलिंद म्हणाला. "इथला सोनार हातच लावत नाही. म्हणतो, वाघाचं काही घरात ठेवलंत तर आत जाल. काकूला हे कसं सांगू? तू जरा बघ ना."

काल, शनिवारी सकाळी मी मुलुंडहून पार्ल्याला पोचले. मिलिंद खाली फाटकापाशीच उभा होता. रुमालात गुंडाळलेलं वाघनख त्याने माझ्या हातात ठेवलं आणि घाईने म्हणाला, "काकूला वाटतंय मीच सोनाराकडे गेलोय. तू वर येऊ नको आत्ता."

ते हातात घ्यायची माझी पहिलीच वेळ. वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं. आणि थंड.

पार्ले पूर्वेच्या बाजारात एक जुने सोनार आहेत, माझं मंगळसूत्र त्यांच्याकडचंच. मी रुमाल उघडताच ते दचकले.

"ताई, आधी ते पर्समध्ये ठेवा!"

"नुसतं बघा तरी."

त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं, डोळ्याला भिंग लावलं. मग चिमट्याने चांदीचं टोपण हळूच सैल केलं. आतून दोन फाटे असलेलं, काळपट, दगडासारखं मूळ बाहेर आलं.

"नख आतून पोकळ असतं. हे भरीव आहे. कडेला बोट फिरवा. हळू."

मी फिरवलं. कड करवतीसारखी होती, झिजलेली, पण दाते मोजता येतील इतकी शाबूत.

"हे नख नाही, ताई. दात आहे हा."

"वाघाचा दात?"

"वाघाच्या दाताला करवत असते का? मला कशाला विचारता, मी सोनार आहे." मग म्हणाले, "समुद्रातलं काहीतरी वाटतंय. मढला माझं एक गिऱ्हाईक आहे, मंजुळाबाई. आयुष्य मासळीत गेलंय तिचं. तिला दाखवा. कुणाचा दात आहे ते कळलं की या, कडी लावून देतो. तोवर नाही."

दुकानाबाहेर आले. शेजारच्या हॉटेलात बसून दोन चहा घेतले. घराण्यातली आठ बाळं या वाघाच्या भरवशावर मोठी झाली होती.

मढला जायचं असेल तर मालाडवरून गाडीरस्ता आहे, पण मी म्हणेन वर्सोव्यावरून जा. अंधेरीहून मेट्रोने वर्सोवा, तिथून रिक्षाने जेटी. खाडी ओलांडणारी बोट पाचेक मिनिटांची आहे. तिकीट अगदी किरकोळ, पण सुट्टे जवळ ठेवा. बोटीत माणसांबरोबर मोटरसायकली चढतात, टोपल्या चढतात, माझ्या फेरीला तर एक कपाट चढलं. भिजली तरी चालेल अशी चप्पल घाला. आणि पलीकडे गावात शिरल्यावर बायकांचे, सुकत घातलेल्या बोंबलांचे फोटो न विचारता काढू नका. आपण त्यांच्या अंगणात उभे असतो.

मंजुळाबाई तिच्या दारात पाटावर बसून मुशी साफ करत होती. मुशी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा लहान शार्क, आम्ही कोकणातले त्याला मोरी म्हणतो. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचा रस्सा देतात. काकू स्नेहलला दर दोन दिवसांनी तोच करून घालत होती.

"कोनी पाठवला तुला?"

"पार्ल्याच्या सोनारांनी."

"त्याला सांग, माज्या पाटल्या अजून दिल्या नाय त्यानी."

मी रुमाल पुढे केला. तिने ओल्या हातानेच दात उचलला, अंगठ्याच्या नखावर त्याची कड एकदा ओढली आणि म्हणाली, "मुशी."

"नक्की?"

"अगो, दात मी वलखनार नाय तर कोन? पन येवरा मोठा मी कंदी बगितला नाय. नि ह्यो दगड झालाय." तिने तो माझ्याकडे परत टाकला. "काय म्हनत होतात तुमी ह्याला?"

"वाघनख."

ती इतकी हसली की कोयता बाजूला ठेवावा लागला. शेजारणीला हाक मारून तिने हे सांगितलं, मग ती शेजारीणही हसली. "वाघाला कशाला बदनाम करता गो!"

मीही हसले. नव्वदेक वर्षांची भीती आणि भक्ती, आणि ती निघाली दोन मिनिटांच्या विनोदाची. एकीकडे रागही येत होता, कुणावर ते कळत नव्हतं.

बाळाच्या बारशासाठी हे नीट करून हवंय, असं मी तिला सांगितलं. "बालंतीन हाय घरात? मग थांब," असं म्हणून तिने ढिगातली एक जाडसर मुशी ओढली आणि पोट फाडलं. आत बोटाएवढी पिल्लं होती, एकापाशी एक, अगदी मुशीसारखी मुशी, चपट्या फावड्यासारखं डोकंसुद्धा तयार. आणि प्रत्येकाच्या पोटातून एक बारीक दोरा निघून आईच्या आत गेला होता.

मी वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. "हे काय आहे?"

"नाळ. काय म्हंजे?"

"माशाला नाळ?"

"ह्या मुशीला असतं. आमाला काय नवीन नाय."

सेहेचाळीस वर्षं मी हा मासा खात आले. त्याला नाळ असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगावं असं कुणाला वाटलं नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले.

मंजुळाबाईने दुसऱ्या, पोटात पिल्लं नसलेल्या मुशी निवडून पिशवीत घातल्या. पिशवी देताना तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. तिने तो सरळ धरला, उलटा केला, दोन बोटं दाबून बघितली. असं माझ्याशी कुणी करत नाही. लोक नजर वळवतात.

"जल्मापासून?"

"हो."

"बरा हाय. मासली निसटनार नाय ह्यातून."

निघताना तिने मला बोरिवलीच्या सरांबद्दल सांगितलं. महिन्यातून एकदा येतात, मासे नेत नाहीत, मुशीची मुंडकी तेवढी नेतात. "आमी येडा सर म्हनतो. पन त्याला ठावं असनार, ह्यो तुजा वाघ कुटचा."

परत त्याच बोटीने. पार्ल्याला मासे द्यायचे होते, म्हणून वर गेले. काकूने पिशवीत नाक घालूनच सांगितलं, "ताजी हा. खंयची आणलस गो बाय?" मी मढची म्हटलं. तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. दात माझ्या पर्समध्ये होता, पर्स माझ्या मांडीवर, आणि काकू चाचपडत माझ्या पानात जास्तीचा तुकडा वाढत होती. लक्षात आलं की वाढताना ती नेहमीसारखी माझ्या उजव्या बाजूला बसली होती. लहानपणी रोज संध्याकाळी ती याच बाजूला बसून माझ्या त्या दोन बोटांच्या मधली रेघ खोबरेल तेलाने चोळायची. सुटतील, सुटतील म्हणायची. मी दहा वर्षांची होईपर्यंत चोळत होती.

आज, रविवारी, मुलुंडहून जोडरस्त्याने गोरेगाव आणि पुढे बोरिवली, दोन बस. रविवारी सकाळी बसायला जागा मिळते, इतर दिवशी आशा करू नका.

मंजुळाबाईने फोन करून ठेवला होता. पेडणेकर सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. "मुंडकी आणलीत का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. "माझ्या दोन कुकरची वाट लागली आहे त्या मुंडक्यांपायी. तिसरा मी कपाटात लपवलाय."

त्यांच्या बाहेरच्या खोलीतली पूर्ण भिंत शार्कची. उकडून साफ केलेले जबडे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सरांनी स्वतः शाडूच्या मातीचे केलेले, आता पृथ्वीवर नसलेले प्राणी. गणपतीच्या शाडूचे! मी समोर उभी राहिले आणि खरं सांगते, पहिल्यांदा वाटलं की हा माणूस थट्टा करतोय.

एकाच्या खालच्या जबड्यात दातांची गुंडाळी होती, चकलीसारखी, बाहेरचे दात मोठे, आत आत बारीक होत गेलेले. एकाच्या पाठीवर इस्त्रीचं टेबल ठेवावं तसा सपाट उंचवटा, आणि त्यावर काटेच काटे. एकाला दोन्ही बाजूंना पंख, इतके लांब की अंगाच्या लांबीपेक्षा पंखांचा पसारा जास्त.

"हे तुम्ही मनाने केलंत?"

"माझी एवढी कल्पनाशक्ती असती तर मी कॉलेजात शिकवलं असतं का?" सर म्हणाले. "दगडात सापडलेत. ही चकली सापडली तेव्हा मोठमोठ्या विद्वानांना ती कुठे बसवावी कळेना. कुणी नाकावर बसवली, कुणी शेपटीवर, कुणी पाठीवर. तोंडात असं काही असू शकतं हे पटायला वेळ लागला. तसा हा खरा शार्क नव्हे हं, लांबचा भाऊबंद. आणि या पंखवाल्याचे दातच सापडले नाहीत, त्यामुळे त्याचं कूळ कोणतं यावर अजून भांडणं चालू आहेत."

"मग एकच साधा चांगला आकार का नाही राहिला?"

"साधा कोणता?" त्यांनी विचारलं. "यातल्या काहींचे वंश लाखो, काहींचे कोट्यवधी वर्षं जगले, बाई. आपण अजून तेवढे जगलेलो नाही."

मग मी रुमाल उघडला.

सरांनी चष्मा बदलला. दात खिडकीपाशी नेला. बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती. परत आले तेव्हा आवाज बदललेला होता.

"कुठे मिळाला हा?"

पणजोबा गलबतावर तांडेल होते, मी सांगितलं. देवगडहून माल घेऊन कच्छच्या मांडवी बंदराला जायचे. तिथूनच हे वाघनख आणलं असं सांगतात.

"कच्छात वाघ कुठून आला हो?" ते पुटपुटले. "पण हे मिळतात तिथे. आपल्या मुंबईच्या काळ्या पाषाणात नाही मिळायचे, तो ज्वालामुखीचा. कच्छात समुद्राचे थर आहेत. दीड-दोन कोटी वर्षांचा असू शकेल, पण तो कोणत्या खडकातून निघाला ते पाहिल्याशिवाय मी लिहून देणार नाही. शार्कचा आहे एवढं मात्र लिहून देतो, सोनाराला दाखवा." त्यांनी दात तळहातावर तोलला. "शार्कचं हाड म्हणजे कूर्चा, ती विरघळून जाते. जन्मभर दात गळतात, नवे येतात. उरतात ते हे गळलेले दात."

चहा आला. कप घेताना मी सवयीने डावा हात पुढे केला आणि उजवा ओढणीत सरकवला. सरांनी ते पाहिलं असावं. "बघू का?" एवढंच म्हणाले. मी दाखवला. जबड्यांकडे बघत होते त्याच डोळ्यांनी त्यांनी तो बघितला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

"आईच्या पोटात आधी सगळ्यांचा हात असाच असतो. वल्ह्यासारखं पातं असतं नुसतं. मग बोटांमधली कातडी आपली आपण मरून जाते आणि बोटं मोकळी होतात. तुमची तेवढ्या जागी मेली नाही. होतं कधीकधी असं."

"केव्हा? कितव्या महिन्यात?"

"महिने कसले, दुसरा महिना संपता संपता हे काम झालेलं असतं."

मी कप खाली ठेवला. आमच्याकडे ओटी भरतात सातव्या महिन्यात.

"काय झालं?" सरांच्या पत्नीने विचारलं. सातव्या महिन्यात ते नख वेळेवर पोचलं असतं, अगदी खऱ्या वाघाचं असतं, तरी माझा हात केव्हाच असा झालेला होता. आई जाईपर्यंत म्हणत राहिली की मी तिसरं पत्र टाकायला हवं होतं, स्वतः देवगडला जायला हवं होतं. गंमत म्हणजे तिला मी कितीदा म्हटलं होतं, आई, असं काही नसतं गं. पण मीही मनातून मानत होते, असं आज त्या शाडूच्या शार्कांसमोर बसून मला कळलं. शिकलेली बाई मी.

आणि मग दुसरी गोष्ट कळली, ती परतीच्या बसमध्ये. नख देवगडला अडकलं होतं ते काकूकडे. मुलगा तापाने फणफणलेला, तिने ते त्याच्या गळ्यातून काढायचं धाडस केलं नाही. पाठवायला उशीर तिने केला होता. मी हे आयुष्यभर ऐकत आले, पण काकूच्या बाजूने एकदाही ऐकलं नाही. वाघ माझ्यावर कशाला रागावेल? तो रागावला असेल तर तिच्यावर, असं तिला वाटत असणार. म्हणून तेल. म्हणून तिने मला ते कधी धरू दिलं नाही. आपल्या हातून एकदा झालेलं पुन्हा उकरून निघू नये म्हणून. मी चाळीस वर्षं समजत होते की ती माझ्या हाताला घाबरते.

गोरेगावला बस बदलायची विसरले. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले.

आता मी मुलुंडला, माझ्या टेबलापाशी. दात समोर आहे. लहानपणापासून पाहिलेला तो तुकडा आता मला ओळखू येत नाही, आणि जोडलेली माझी दोन बोटं त्याच्या बाजूला ठेवली की दोन्हींचा आकार थोडा एकमेकांसारखा वाटतो. हे माझं वेड असेल. मंजुळाबाईचं हसू अजून कानात आहे, ते दोरे अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. सरांची चिठ्ठी पर्समध्ये आहे. उद्या सोनाराकडे देईन, गुरुवारी कडी लागून मिळेल.

तुम्हाला जायचं असेल तर मढला सकाळी लवकर जा, ऊन चढल्यावर बायका घरात जातात. बोरिवलीचा पत्ता मी इथे देत नाही, सरांच्या पत्नीने तेवढं वचन घेतलंय. पण घरात पिढीजात जपलेलं काही असेल, तर त्याचं टोपण एकदा सैल करून बघा. घाबरायला होतं, हे आधीच सांगते.

पुढचं मिलिंदसाठी. दर आठवड्याला तू माझं लिखाण काकूला मोठ्याने वाचून दाखवतोस, हे मला ठाऊक आहे. इथून पुढचं जरा सावकाश वाच.

काकू, वाघ नव्हताच. मोठी मोरी होती, दगड झालेली. दोन दिवस मी ती जवळ बाळगली, मढला नेली, बोरिवलीला नेली, आणि तुला न सांगता तुझ्या स्वयंपाकघरात मांडीवर घेऊन जेवले. कुणी रागावलं नाही. ती वेळेत पोचली असती तरी माझी बोटं अशीच असती. दादाचा ताप उतरेपर्यंत तू ती ठेवून घेतलीस हे बरं केलंस. आईही आज हेच म्हणाली असती. निदान मला तसं वाटतं.

पुढच्या रविवारी बाळाच्या कानात नाव मी सांगणार, तो आत्याचा मान तू मला दिलासच. वाघनख मात्र तू बाळाच्या दुसऱ्या आत्याकडून, ठाण्याच्या शैलाकडून, बांधून घेणार आहेस, हे मला मिलिंदने सांगितलं. आता मी जे विचारणार आहे त्याला तू नाही म्हणशील. "रीत ती रीत गो बाय," म्हणशील आणि विषय बदलून मी जेवले का ते विचारशील. इतक्या वर्षांची समजूत दोन दिवसांच्या प्रवासाने बदलत नाही, माझीही कुठे पूर्ण बदललीय.

तरी विचारते. तू माझ्या उजव्या बाजूला बस, नेहमीसारखी, आणि दोरा मला बांधू दे. याच हाताने.